लाभपाचमीच्या दोन दिवस आधी

केळीचे दिवस मोजतात तसे नूतनने बँकेच्या कार्डाचे दिवस मोजले, आणि तिथेच सगळा घोळ झाला.

तापीकाठच्या गुजरांच्या घरात सून म्हणून येऊन तिला बावीस वर्षं झाली होती. लोणखेड्याच्या शाळेत ती चौथीला गणित शिकवायची. पण शाळेतलं गणित शाळेत आणि मळ्यातलं मळ्यात. मळ्यातला हिशोब असा, की केळीचा घड निसवला, म्हणजे झाडातून बाहेर पडला, की त्या दिवसापासून बोटांवर दिवस मोजायचे. शंभर दिवस म्हणजे शंभर दिवस. कार्ड विकायला आलेला मुलगा म्हणाला होता, "पन्नास दिवस बिनव्याजी, मॅडम." तिने आठ सप्टेंबरला कार्डावरून लेकीच्या प्रवेशाचे अठ्ठेचाळीस हजार भरले, त्या दिवसापासून पन्नास मोजले आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात अठ्ठावीस ऑक्टोबरच्या चौकोनात कुंकवाचा ठिपका ठेवला. लाभपाचम, या घरातला दिवाळीचा शेवटचा सण, सव्वीसची. म्हणजे सण पार पडल्यावर आरामात भरायचे. पैसेही तयार होते. हेमराजने, तिच्या नवऱ्याने, केळीच्या विक्रीचे अठ्ठेचाळीस हजार सोळा ऑक्टोबरलाच तिच्या खात्यात टाकले होते.

आता कुणी म्हणेल, पैसे होते तर त्याच दिवशी भरायचे. बरोबर आहे. पण ज्याला मुदत आहे ते मुदतीआधी कोण भरतं? वीजबिलसुद्धा नाही भरत कुणी!

मंगळवारी, लक्ष्मीपूजनाच्या दुपारी, ती अनारसे तळत होती. फोन वाजला. दिवाळीत शंभर मेसेज येतात, सोन्यावर सूट, फ्रिजवर सूट. तिने पिठाच्या बोटाने सरकवला आणि वाचला. तुमच्या कार्डाचे अठ्ठेचाळीस हजार भरण्याची शेवटची तारीख आज, एकवीस ऑक्टोबर.

तिने पुन्हा वाचला. मग कॅलेंडरातल्या कुंकवाच्या ठिपक्याकडे बघितलं. कढईतला अनारसा काळा पडेपर्यंत ती तशीच उभी होती.

"मम्मी, जळतंय!" भूमिका ओरडली. हीच ती लेक, एकोणीस वर्षांची. फिजिओथेरपीला नाशिकला नंबर लागला होता आणि दिवाळीला घरी आली होती. नूतनने तिच्या हातात फोन दिला. पोरीने बिलाचा कागद उघडला, बोट फिरवलं आणि म्हणाली, "अगं, पन्नास दिवस बिलाच्या पहिल्या तारखेपासून धरतात. तू ज्या दिवशी कार्ड वापरलंस त्या दिवसापासून नाही. आत्ता भरून टाक ना, दोन मिनिटांचं काम."

दोन मिनिटांचं काम. नूतनची नजर देवघराकडे गेली.

या घराची रीत अशी होती. धनतेरसेला सासूबाई, जसोदाबाई, पितळी डबा काढायच्या. घरातला पैसा, पासबुकं, चेकबुक सगळं त्यात. या वर्षी कार्डही गेलं. "हाई बी पैसाच शे ना?" म्हणत त्यांनी त्याच्यावर हळदकुंकू वाहिलं. मग डब्याला लाल नाडा, आणि नाड्याला सात गाठी. त्या गाठी सुटायच्या थेट लाभपाचमीला. मजुरी, दूध, किराणा, सगळं आधीच चुकतं करायचं. तोवर घरातून एक रुपया बाहेर जायचा नाही. गेला तर लक्ष्मी त्याच्या मागे उठून जाते, आणि जाताना घरातलं एक माणूस सोबत नेते. जसोदाबाईंच्या सासूने त्यांना असं सांगितलं होतं, त्यांनी नूतनला.

गणित शिकवणारी बाई असल्या गोष्टी मानते का? तीन वर्षांपूर्वी विचारलं असतं तर नूतन हसली असती.

तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या पाडव्याला सकाळी सिलेंडर संपला होता. पाहुणे दारात, पुरण शेगडीवर अर्धं शिजलेलं. गॅसवाला नेमका गल्लीत. तिने तांदळाच्या डब्यात लपवलेले अकराशे काढून त्याच्या हातावर ठेवले. कुणी पाहिलं नाही, तिने सांगितलं नाही. आणि बरोबर अकराव्या दिवशी तिचे सासरे, मोतीलालबाबा, केळीच्या बागेत उभ्याउभ्या कोसळले. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, अर्धी जीभ गेली. गावभर हाका मारत फिरणारा माणूस खाटेवर आला. डॉक्टर म्हणाले, रक्तदाब. नूतनने मान हलवली. पण अकराशे रुपये आणि अकरावा दिवस तिच्या डोक्यातून काही गेले नाहीत. रोज सकाळी बाबांना चमच्याने चहा पाजताना तिला वाटायचं, हा हात मी मारलाय.

ही गोष्ट तिने नवऱ्यालाही सांगितली नव्हती.

"भरते गं," ती भूमिकेला म्हणाली आणि फोन पदराखाली घेतला.

नाही भरले तर? हेही तिला ठाऊक होतं, आणि तेच जास्त वाईट होतं. भूमिकेच्या पुढच्या फीसाठी शहाद्याच्या बँकेत शैक्षणिक कर्ज मंजूर झालं होतं, नूतनच्या पगारावर. साहेब भला माणूस, पण स्पष्ट बोलणारा. "बाई, महिनाअखेरीला तुमचा सिबिल परत एकदा बघेन, मगच पैसे सोडेन. तोवर कुठे डाग लागू देऊ नका." डाग लागला की कर्ज अडकणार. कर्ज अडकलं की दहा नोव्हेंबरचा हप्ता चुकणार. हप्ता चुकला की जागा गेली. पोरीने दोन वर्षं घासून मिळवलेली जागा, आईला दिवस मोजता आले नाहीत म्हणून जाणार!

संध्याकाळी पूजा झाली. गल्लीत फटाके फुटत होते आणि नूतन न्हाणीघरात दार लावून उभी होती. तिने ॲप उघडलं. रक्कम आली, खाली हिरवं बटण आलं. बाहेरून बाबांचा खोकला ऐकू आला, एक, दोन, तीन. ती कान लावून थांबली. खोकला थांबला, आणि थांबला म्हणून ती जास्त घाबरली. फोन तसाच बंद करून ती धावत ओसरीवर आली. बाबा खाटेवर टेकून फुलबाज्या बघत होते.

"काय व्हयनं?" जसोदाबाईंनी विचारलं.

"काही नही, बाई."

मंगळवार गेला.

बुधवारी सकाळी शाळेला सुट्टी आहे हे विसरून ती साडी नेसून तयार झाली. हेमराज हसला. तिने त्याला मळ्याच्या वाटेवर गाठून तारखेचं सांगितलं, फक्त तारखेचं.

"मंग भरी टाक ना," तो म्हणाला. "कोण पाही ऱ्हायनं?"

कोण पाहतंय! हेच तर तिला सांगता येत नव्हतं. तीन वर्षांपूर्वीही कुणी पाहिलं नव्हतं.

घरी येऊन तिने बँकेच्या मदत क्रमांकावर फोन लावला. वीस मिनिटं गाणं ऐकवल्यावर एक मुलगी बोलली. नूतनने तिला असं विचारलं, जसं माणूस डॉक्टरला विचारतं, की वाचेल ना?

"मॅडम, मुदतीनंतर तीन दिवस असतात. तेवढ्यात भरलंत तर लेट फी लागणार नाही आणि उशिराची नोंदही जाणार नाही. म्हणजे शुक्रवार, चोवीस तारीख. पूर्ण नाही जमलं तर निदान किमान रक्कम भरा, चोवीसशे. उरलेल्यावर व्याज मात्र चढेल. आणि सुट्ट्या आहेत, शुक्रवारी संध्याकाळी सातच्या आत करा."

नूतनचा जीव जरा भांड्यात पडला. मग तिने बोटांवर मोजलं. शुक्रवार चोवीस, लाभपाचम रविवार सव्वीस. दोन दिवस कमी पडत होते. तीन दिवसांच्या जागी पाच असते तर कुणाचं काय बिघडलं असतं? त्यात शुक्रवार, म्हणजे लक्ष्मीचा वार. त्या वारी तर हे घर एरवीसुद्धा पैसा बाहेर काढत नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी तिची गत झाली.

उसने मागायचे? दिवाळीत उसनं मागणं म्हणजे दळिद्राला घरचा पत्ता देणं.

त्या रात्री तिला एक वाट सुचली. गुरुवारी भाऊबीज होती. तिचा धाकटा भाऊ अमृत रनाळ्याहून येणार होता, तिथे त्याचं खताचं दुकान होतं. भावाची ओवाळणी बहिणीची असते, ती घराच्या डब्यातली नव्हे. ती सासरच्या लक्ष्मीत अजून मिसळलेलीच नसते. त्याने जर ओवाळणी म्हणून चोवीसशे आपल्या फोनवरून परस्पर कार्डात भरले, तर या घरातून काहीच गेलं नाही! डागही नाही आणि पापही नाही. उरलेले लाभपाचमीला भरायचे, व्याज पडलं तर पडो. ही पळवाट सापडल्यावर तिला दोन घास गेले.

गुरुवारी अमृत आला, पाटावर बसला. तिने टिळा लावला, ताट ओवाळलं. सासूबाई एका बाजूला, हेमराज दुसऱ्या बाजूला, खाटेवर बाबा. अमृतने ताटात पाचशे एक ठेवले आणि साडीची पिशवी पुढे केली.

"ताई, अजून काही हवं का? सांग ना. तोंड उतरलंय तुझं."

आता बोल, नूतन! चोवीसशे म्हण. पण सासूसमोर माहेरच्या माणसापुढे हात पसरायचा, म्हणजे हेमराजची मान खाली. आणि अमृतही यंदा पावसाने मार खाल्लेला, उधारीत बसलेला. त्याने पाचशे एक कसे काढले ते तिला दिसत होतं.

"काही नही रे. जागरण झालं." तिने त्याच्या ताटात जास्तीची पुरणपोळी वाढली. तो मोटारसायकलवर बसून वळणाआड गेला आणि तिची वाट त्याच्याबरोबर गेली.

शुक्रवार उजाडला तो तिच्या छातीवर दगड ठेवूनच.

सकाळी नऊला तिने ॲप उघडलं आणि बंद केलं. अकराला उघडलं. दुपारी दोनला जिन्याखाली बसून उघडलं, आकडा बघितला, बटणावर अंगठा नेला. तेवढ्यात भूमिका आजोबांचा निर्जीव हात मांडीवर घेऊन त्याची बोटं एकेक करून दुमडताना दिसली. नाशिकला दीड महिन्यात जेवढं शिकली होती तेवढं ती त्यांच्यावर करून बघत होती. "बाबा, जोर लावा. लावा जोर." आणि म्हातारा सगळा जोर लावून, घामाघूम होऊन, करंगळी गव्हाच्या दाण्याएवढी हलवत होता.

नूतनने अंगठा मागे घेतला. एक बटण दाबलं तर हा म्हातारा जाईल. नाही दाबलं तर या पोरीचं शिक्षण जाईल. आणि दोन्हीकडे अंगठा माझाच.

सहा वाजले. दिवेलागण झाली. तुळशीपाशी दिवा लावून जसोदाबाई आत आल्या, तर सून देवघरापुढे बसलेली. समोर लाल नाड्याचा डबा, मांडीवर फोन, आणि डोळ्यांतून नुसत्या धारा.

"काय करी ऱ्हायनी तू?" म्हाताऱ्या बाईचा आवाज चढला. "डबाले हात नको लावू!"

"हात नही लावा, बाई."

"मंग काब्रं रडी ऱ्हायनी? तीन दिनफाईन पाही ऱ्हायनी मी, तू जेवत नही, झोपत नही. खरं सांग."

मग नूतनने सांगितलं. आधी तारीख, मग केळीसारखे मोजलेले दिवस, कर्ज, साहेब, सातचा ठोका. जसोदाबाई ऐकत होत्या. "मंग भरानं का नही, ते विचारी ऱ्हायनी ना मी?" त्या म्हणाल्या. "मन्हासाठे रीत पाळी ऱ्हायनी का तू? हेमराज तर म्हणस, तुम्ही शिकेल बाया असं काही मानतीस नही."

आणि नूतनच्या तोंडून ते निघालं. तीन वर्षं दाताखाली धरलेलं.

"मी एकदाव मोडी, बाई. पाडवाले. गॅसवालाले अकराशे दिन्हात. अकरावा दिन बाबा पडनात. मन्हामुळे पडनात. आते परत दिन्हात तर..."

ओसरीवरच्या खाटेची कुरकुर थांबली. जसोदाबाई एकदम खाली बसल्या. नूतनला वाटलं, आता शाप, आता थप्पड. तिने डोळे मिटून घेतले.

"येडी," सासूबाई म्हणाल्या. "येडी पोर. मी बी दिन्हा व्हतात."

नूतनने डोळे उघडले.

"त्याच साली. लक्ष्मीपूजनले, सकाय सकाय. कौसाबाई वनी व्हती, आपली निंदणीवाली. तिनी नात तापमा फणफणी ऱ्हायनी व्हती. दवाखानाले पैसा नही. मी डबाना नाडा सोडा आणि पाचशे दिन्हात. परत गाठी मारी दिन्ह्यात सात, जशा व्हत्यात तशा. मी समजनी, मन्हामुळेच. तीन साल व्हई ग्यात, तेस्ना तोंडकडे नीट पाहं नही मी."

एकाच घरात, एकाच चुलीवर, एकाच माणसाला दोघींनी मारलं होतं, आणि दोघी एकमेकींना चोरून रडत होत्या. आता नूतनला उमगलं, बाबांच्या उशाशी रोज पहाटे सासूबाई का बसतात.

तेवढ्यात ओसरीवरून खाट बुक्क्याने वाजली. मोतीलालबाबा डाव्या हाताने लाकडावर मारत होते. काही हवं असलं की मारायचे तसं. दोघी धावल्या. त्यांचा चेहरा लाल झाला होता, अर्धं तोंड थरथरत होतं. नूतनला वाटलं, आला तो क्षण, अजून पैसा गेलाही नाही तोच!

"मी..." बाबा म्हणाले. एकेक शब्द ओढून काढत होते. "मी... दोन... हजार."

"काय दोन हजार?"

"हारनू. पत्तामा. दोधूना... ओटावर. पूजानी... रात."

म्हणजे त्याच दिवाळीत, लक्ष्मीपूजनाच्या रात्री, बाबा दोधूच्या ओट्यावर पत्त्यांत दोन हजार हरून आले होते. गल्लीत कुठेतरी उरलेला लवंगी फटाका फुटला. जसोदाबाईंनी कपाळाला हात लावला.

"दोन हजार!" त्या किंचाळल्या. "माले सांगं, ढोरेसना ढेपवालाले दिन्हात! तीन साल मी देवले नाक घासी ऱ्हायनी, आणि तुम्ही पत्ता कुटी वनात!"

बाबांच्या डाव्या डोळ्यातून पाणी वाहत होतं. ते हसत होते की रडत होते, ते अर्ध्या तोंडावरून कळत नव्हतं. भूमिका दारात उभी राहून आळीपाळीने तिघांकडे बघत होती. "मम्मी," ती म्हणाली, "पावणेसात वाजलेत."

नूतनने फोन हातात घेतला. सगळं कळलं होतं, तरी अंगठा हलेना. भीती अशी शहाणी नसते, की कारण गेलं म्हणून तीही निघून जाईल. ती म्हणाली, "बाई, मन्हा हात धजत नही."

"मन्हा बी नही," जसोदाबाई म्हणाल्या. आज शुक्रवार होता, दिवा लागला होता, नाडा बांधलेला होता. त्या थोडा वेळ नवऱ्याकडे बघत राहिल्या, तीन वर्षांत पहिल्यांदा सरळ त्याच्या तोंडाकडे. मग त्यांनी खाटेवर पडलेला त्याचा उजवा हात उचलला. मेलेला हात. तो दोन्ही हातांत धरून त्यांनी नूतनसमोर आणला.

"आकडा तू दाब. शेवटलं बटण यासना हातवरी. आपण तिन्ही बी गुन्हेगार, मंग यासनाच हात ऱ्हावू दे."

नूतनने पिनचे आकडे दाबले. चार आकडे, चारदा घाम पुसला. मग फोन पुढे धरला. जसोदाबाईंनी त्या गार तर्जनीला आधार दिला. भूमिका पुटपुटली, "बाबा, जोर लावा." आणि बोट काचेवर टेकलं.

चक्र फिरायला लागलं. फिरतच राहिलं. नेटवर्कची एक दांडी दिसायची आणि जायची. नूतन बाबांच्या छातीकडे बघत होती, वरखाली होते का. सासूबाईही तिथेच बघत होत्या. फोनकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

"झालं," भूमिका म्हणाली. "अठ्ठेचाळीस हजार. पावती आली."

बाबांनी श्वास सोडला. तो पुढचा घेईपर्यंत दोघी बायकांनी स्वतःचा धरून ठेवला होता.

लाभपाचमीला डबा उघडला, गाठी सुटल्या, कार्डावरचं कुंकू पुसलं. महिनाअखेरीला साहेबांचा फोन आला, सगळं स्वच्छ आहे, पैसे सोडतो. भूमिका नाशिकला गेली. कॅलेंडरात नूतनने पुढल्या बिलाच्या तारखेला ठिपका ठेवला, या वेळी बिल बघून. पण भीती काही गेली नाही. दिवसा ती हसायची, सासूबाईही हसायच्या, दोन हजारांवरून म्हाताऱ्याला रोज टोमणे बसायचे. रात्री मात्र ती बोटांवर दिवस मोजायची. सातवा दिवस. नववा. दहावा.

अकराव्या दिवशी पहाटे अंधारात ती उठली. चपला न घालता, भिंतीला धरत ओसरीवर आली. बाबांच्या नाकापुढे बोट धरायला वाकली, तर तिथे आधीच कुणाचं तरी बोट होतं. खाटेच्या पलीकडे जसोदाबाई वाकल्या होत्या. दोघींनी एकमेकींना पाहिलं आणि दोघी चोरासारख्या थिजल्या.

खालून जड, अर्ध्या जिभेचा आवाज आला.

"जित्ता शे मी. चहा ठेवा."